पंख्याखाली आडवा झालेला माणूस

साठ-एकसष्ट सालचा उन्हाळा असावा. बंगळूरला मल्लेश्वरमच्या आमच्या घरात पंखा आला आणि झोप गेली. रात्रभर आपली कटकट, कटकट.

शेवटी शिवाजीनगरहून पंखेवाला बोलावला. नाव मी विचारलंच नाही. पिकली दाढी, डोक्यावर जाळीची टोपी, चपला दाराबाहेर नीट जोडून ठेवलेल्या. त्यानं पंखा लावला आणि खाली जमिनीवर सरळ उताणा झाला, डोळे मिटून. मी दचकलेच.

"स्वल्प थांबा अक्का," तो म्हणाला. "उभ्यानं नाही कळत. झोपणाऱ्याला छळणारा आवाज झोपूनच ऐकावा लागतो."

मग उठून त्यानं वरच्या कडीत सायकलच्या ट्यूबचा तुकडा बसवला, पुन्हा आडवा झाला, ऐकलं आणि हसला. पंखा गप्प.

तो गेल्यावर मी काय केलं, ते सांगताना आजही जीभ अडखळते. बादली आणली आणि तो आडवा झाला होता तेवढी जमीन धुवायला बसले. सासूबाई गावाला गेलेल्या, मला कुणी सांगितलंही नव्हतं. तेवढ्यात विसरलेला पेचकस न्यायला तो परत आला आणि दारातच थांबला. माझ्या हातातलं फडकं त्यानं पाहिलं.

"माझ्याकडून तेल सांडलं असेल," तो हळूच म्हणाला. "माफ करा अक्का."

तेलाचा थेंबही पडला नव्हता. मी पेचकस उंबऱ्यावर ठेवला, त्यानं तो उचलला.

संध्याकाळी हे घरी आले. "जमीन ओली कशी गं?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, "पंखेवाल्यानं तेल सांडलं."