अष्टमीचा चिखल

आज अष्टमी. भर दुपारी दोन म्हातारे आमच्या पडवीत कठड्याला टेकून समोरच्या खाडीतला चिखल बघतायत आणि आत माझा भात गार होतोय.

एक माझा नवरा, नावाजलेला लेखक. दुसरा दामू तांडेल, सगळा जन्म समुद्रात, मचव्यावर काढलेला. चाळीस वर्षांपूर्वी ह्यांनी कादंबरीत लिहिलं, की अष्टमीच्या भर दुपारी ऐन भरतीला होडी धक्क्याला लागली. अष्टमीला दुपारी ओहोटी असते, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. दामूने ते पुस्तक मुलीकडून वाचून घेतलं. तेव्हापासून दर अष्टमीला बाराच्या सुमारास तो हजर.

"बघ, ह्या चिखलात तुझी होडी कशी इली ती."

"चुकलं रे बाबा," हे म्हणतात.

दोघांचे गुडघे गेले, मचवा विकला, ही चूक मात्र जुनी होत नाही. मैत्री गोडव्यावर टिकते म्हणतात. इथे ती चिखलावर टिकलीय.

गेल्या आठवड्यात नव्या आवृत्तीची मुद्रितं आली. वैतागून मीच अष्टमी खोडून पौर्णिमा केली; पौर्णिमेला दुपारी भरती असते. संध्याकाळी बघते तर ह्यांनी पुन्हा अष्टमी लिहिलेली.

"अहो, चूक माहीत असून?"

"दुरुस्त केली, तर त्या गुडघ्यांनी ही घाटीची चढण चढून तो येईल कशाला?"

शेवटी आत्ता बाहेर जाऊन म्हटलं, "दामूभावजी, चिखल पंधरा दिवसांनी पुन्हा आहेच. आधी जेवून घ्या."