खिडकीवाले सर

लघवीची बाटली हाती आली की आमचे सर आधी खिडकीशी जात. बाटली उजेडात धरत, तिरकी करत, आणि इतका वेळ बघत राहत की बाहेर रांगेतली माणसं कुजबुजू लागत. सोलापूरच्या त्या दवाखान्यात त्यांचं नावच पडलं होतं, खिडकीवाले सर. सत्तरच्या दशकात मी तिथं नवी डॉक्टर होते. मलाही त्यांचं हसू यायचं.

"दुखणारं पोर रडून सांगतं," ते म्हणत. "ज्याला न दुखता लाल होतंय, त्याला घरी सोडायचं नाही."

दुसरी खोड म्हणजे आदल्या दिवशीचे केसपेपर रोज दुपारी पुन्हा वाचायचे. एका एप्रिलात त्यांनी माझाच एक कागद माझ्यापुढं सरकवला. वळसंगची महादेवी, वय बारा, लघवी लाल, दुखणं नाही. खाली माझ्या अक्षरात निदान होतं: उन्हाळी. आमच्याकडं चैत्र-वैशाखात लघवीची कुठलीही तक्रार उन्हाळीच ठरते. मीही धन्याचं पाणी प्यायला सांगून पोरीला वाटेला लावलं होतं.

सर रागावले नाहीत, ते मला जास्त लागलं. "एसटीनं जा आणि तिला घेऊन ये. थांबलंय म्हणाले तरी आण."

वळसंगला महादेवीची आई अंगणात तूर पाखडत होती. "आता साफ हाय की! धन्याच्या पाण्यानं लई गुण आला, डाक्टरीणबाई." मला इतकं हायसं वाटलं, की तिथूनच परत फिरावंसं वाटलं. पण सरांचे शब्द आठवले आणि मी दोघींना एसटीत बसवलं.

सरांनी दुर्बिणीनं मूत्राशय पाहिलं. आत बोराएवढी गाठ होती, एवढ्या कोवळ्या वयात क्वचितच आढळणारी. त्यांनी ती काढली, तपासायला पाठवली. वेळेत सापडली म्हणून पोर वाचली.

"मग त्या दिशी उन्हाळी कशी काय सांगितली?" आईनं विचारलं. मी तोंड उघडायच्या आत सर म्हणाले, "मीच लिहायला सांगितलं होतं. माझं चुकलं, बाई." मी खाली बघत राहिले.

सर वारले तेव्हा ती बाई आली होती, सोबत महादेवी, तिच्या कडेवर मूल. "लई मोटा मानूस," ती रडत सगळ्यांना सांगत होती. "चुकला, पर सवताच्या तोंडानं कबूल केलं की." मी शेजारीच उभी होते. तेव्हाही बोलायचं धाडस झालं नाही.

आता मी रोज दुपारी आदल्या दिवशीचे कागद वाचते. पण वळसंगात सरांच्या नावावर आजही एक चूक आहे. ती माझी आहे.