राहून गेलेला कान

"सारं नोका सांगू. एक सांगा."

बंद पडलेली हार्ड डिस्क घेऊन आलेल्या प्रत्येकाला तो हेच ऐकवायचा. देऊळगाव राजाच्या बसस्टँडजवळ त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं आणि त्याला लागून माझा फोटो स्टुडिओ. गिऱ्हाईक रडकुंडीला येऊन म्हणायचं, सगळंच पाहिजे हो. मग हा समजावायचा, "आजारी डिस्क हाय. कवा डोळे मिटीन, भरोसा नाई. पयले काय काढू ते बोला."

एवढ्यावर थांबला असता तर तो कसला! जे निघेल ते सगळं बघायचा आणि वर शेरे मारायचा. कुणाच्या बारशाचे फोटो निघाले की, "हे आत्याबाई काऊन रुसेल हाय?" तुमच्याही गावात असा एखादा असेलच. हाताला गुण असतो, पण नाक कायम दुसऱ्याच्या घरात.

एकदा माझीच डिस्क टकटक करू लागली. तिच्यात डोणगावच्या एका लग्नाचं शूटिंग होतं. नवरीचा भाऊ फौजी. रजा न मिळाल्यामुळे सख्ख्या बहिणीच्या लग्नाला तो मुकला होता. आता चार दिवस घरी आला होता आणि लग्नाचा व्हिडिओ बघूनच परत जाणार होता. माझ्या तोंडचं पाणी पळालं. त्यात माझ्या आईने, भिजलेला मोबाईल तांदळात ठेवतात हे कुठेतरी ऐकून, डिस्क तांदळाच्या डब्यात पुरून ठेवली.

"पुलाव करून राह्यला का बे?" फटीतले दाणे ब्रशने झाडत त्याने विचारलं.

"मंगलाष्टकं काढ आधी," मी म्हणालो.

"तुले कोण विचारते? लगन तुह्यं होतं का? ज्याले पाहाचं हाय त्याले फोन लाव."

नाइलाजाने फौजीला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "मंगलाष्टकं सारी सारखीच असतात, भाऊ. माह्या जागी नवरदेवाचा कान कोणं पिळला, तेवढं दाखवा." लग्नात नवरदेवाचा कान पिळायचा मान नवरीच्या भावाचा. माझ्या बहिणीला नीट सांभाळ, असं सांगायची ती आमच्याकडची रीत.

दिवसभर माझा शेजारी त्या डिस्कला चिकटून बसला. संध्याकाळी एकदाची फाईल उघडली. नवरीचा चुलतभाऊ पुढे आला, हात नवरदेवाच्या कानाजवळ नेला आणि चित्र तिथेच थिजलं. डिस्कही गप्प झाली. त्या दिवशी पहिल्यांदाच त्याला शेरा सुचला नाही.

दुसऱ्या दिवशी फौजी आला. थिजलेलं चित्र बघून त्याचा चेहरा उतरला. "जाऊ द्या," तो म्हणाला आणि उठला. मला मान वर करवेना.

"बस ना बे!" आमचा गडी ओरडला. "डिस्क मेली. जवाई तं जिता हाय ना? कुठीसा असते?"

"धाड गावाले."

"मंग बलाव त्याले!"

दुपारपर्यंत धाडहून जोडपं मोटारसायकलवर हजर. नवरदेवाला गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसवलं, मला कॅमेरा घ्यायला लावला. फौजी आधी लाजला, मग त्याने असा कान पिरगाळला की नवरदेव "आई गं!" करून उभाच राहिला. नवरी खळखळून हसली आणि हसता हसता भावाच्या गळ्यात पडून रडायला लागली. फौजीनेही डोळे लपवले नाहीत.

माझा हा दुकानवाला शेजारी गेला त्याला आता वर्ष होईल. झोपेतच गेला. त्याच्या दुकानात मोबाईलची कव्हरं लटकतात. इतकी वर्षं मी लोकांची लग्नं टिपत फिरलो, पण शेजारच्या माणसावर कॅमेरा धरायचं कधी सुचलं नाही. त्या कान पिळण्याच्या व्हिडिओतच तेवढा तो आहे. मागे कोपऱ्यात, हातात पेचकस घेऊन ओरडतोय, "अजून पिळ! माह्यातर्फे एक!"

ती फाईल मी चार ठिकाणी ठेवली आहे. तरी धाकधूक वाटते.