समोरच्या फ्लॅटमधली स्कोअरबाई

ओळख होऊन दहा मिनिटं व्हायच्या आत समोरच्याला त्याचा स्कोअर विचारणारी बाई मी आयुष्यात एकच पाहिली. ती कर्वेनगरला आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहायची. पुण्यात लोक नव्या माणसाला आडनाव विचारतात, मग गाव, मग हळूच मुलांचे मार्क. हिचा प्रश्न थेट. "ताई, तुमचा स्कोअर किती आहे?" स्कोअर म्हणजे उसने घेतलेले पैसे माणूस वेळेवर फेडतो की नाही, हे पाहून त्याला जे गुण मिळतात ते. ते गुण बघूनच बँका कर्ज देतात. तिचा सातशे नव्वद होता. ती राहायला आली त्याच दिवशी, दूध कुठे मिळतं हे विचारायच्या आधी, तिनं मला तो सांगितला.

"आम्ही कर्ज काढत नाही," मी म्हणाले. हे वाक्य आमच्या घरात फार पूर्वीपासून म्हटलं जातं आणि म्हणताना मान आपोआप ताठ होते.

"म्हणजे बँकेले माहीतच नाही नं, तुम्ही कशा आहात ते," ती म्हणाली.

मला ते मुळीच आवडलं नाही. मी कशी आहे हे बँकेला कळायची गरजच काय, असं मी घरात येऊन यजमानांना दोनदा विचारलं. दोन्ही वेळा ते पेपरातून मान वर न काढता "काही नाही" म्हणाले. सोसायटीत पुढे तिचं नाव स्कोअरबाई पडलं. ते मीच पाडलं, हे आता कबूल करायला हरकत नाही.

ती मूळची अकोल्याची. नवरा खराडीला सॉफ्टवेअर कंपनीत, सकाळी आठला निघालेला माणूस दिवेलागणीनंतरच दिसायचा. ही घरी बसून बाळांचे कपडे शिवायची आणि मोबाईलवरून विकायची. कुंच्या, झबली, टोपडी, दुपटी. माझं दुखणं इथेच सुरू झालं, कारण शिवत मीही होते, आणि तिच्या आधी वीस वर्षं शिवत होते.

माझी आई कसबा पेठेत ब्लाउज शिवायची. तिनं मला एक गोष्ट हातावर पट्टी मारून शिकवली: कपडा आधी उलटा करून बघायचा. बाळाच्या कपड्यात तर आतली शिवणच महत्त्वाची, कारण बाळाच्या अंगाला लागते ती तीच. कापडाची कड आत दुमडून, ती दाबून, पुन्हा टीप मारायची. वेळ दुप्पट लागतो. स्कोअरबाईची पहिली कुंची मी हातात घेतली तेव्हा बाहेरून ती सुरेख होती. जरीचा काठ, मोत्यांची झालर, रेशमी गोंडे. मी ती उलटी केली. आत दोरे लोंबत होते आणि कापडाच्या कडा तशाच उघड्या होत्या. मला इतका आनंद झाला की मी तिला आग्रह करून चहा पाजला.

पण आतली शिवण फोटोत दिसत नाही. आणि फोटो काढण्यात ती बाई भलतीच हुशार होती. रोज सकाळी खिडकीतल्या उजेडात ती एक झबलं लटकवायची, फोटो काढायची आणि आपल्या पेजवर टाकायची. फक्त चांगलंच टाकायची असंही नाही. एकदा एका टोपड्याला बंद उलटे लागले, तर तिनं तेही टाकलं आणि खाली लिहिलं, "आज माझं डोकं असं चालून राहिलं." त्याला दोनशे लोक हसले आणि त्यातल्या सतरा जणींनी ऑर्डर दिली. कपडे शिवता शिवता ती मोबाईलसमोर बोलत बसायची, मागे कुकरच्या शिट्ट्या होत असायच्या, आणि अमेरिकेत बसलेल्या आज्या त्या शिट्ट्यांनी गहिवरून कुंच्या मागवायच्या. प्रत्येक पार्सलमध्ये हातानं लिहिलेली चिठ्ठी. बारसं झालं की हिचा निरोप जायचा, नाव काय ठेवलं म्हणून. तिला शेकडो बाळांची नावं पाठ होती. मला माझ्या सोसायटीतल्यांचीही नव्हती.

मीही पेज काढलं. का काढू नये? भाच्याकडून काढून घेतलं आणि पहिला मजकूर स्वतः लिहिला. "बाळाचे उत्तम प्रतीचे कपडे शिवून मिळतील. माप बाळाच्या जन्मानंतरच घेतले जाईल, अंदाजे माप चालणार नाही. कपडा प्रत्यक्ष पाहावा, फोटो पाठवले जाणार नाहीत. भाव करू नये. घाई असणाऱ्यांनी अन्यत्र चौकशी करावी." सगळ्यांनी अन्यत्र चौकशी केली. अन्यत्र म्हणजे समोरच्या दारात. माझा मजकूर तीन जणांना आवडला. एक भाचा, एक यजमान आणि चुकून बोट लागलेली मी.

तिनं तो वाचला असणार. एका दुपारी येऊन म्हणाली, "ताई, पेजवर ती अटींची यादी काऊन लिहिली? लोक भिऊन राहिले तुम्हाले." मी म्हणाले, "ज्यांना चांगलं हवं असतं ते भीत नाहीत." ती हसली. तिच्या हसण्यात खवचटपणा नव्हता, आणि तो नव्हता याचाही मला राग आला.

मग मी ठरवलं की माझं कमी पडतंय ते यंत्र. भरतकाम करणारं मोठं मशीन घ्यायचं, स्वतःच्या नावावर कर्ज काढून. यजमान द्यायला तयार होते, पण मला ते माझंच हवं होतं. ही स्वतःच्या नावावर दोन मशीन घेऊन बसली होती आणि मी नवऱ्याकडे हात पसरायचा, हे मला झेपलं नसतं. बँकेतल्या तरुण मुलीनं माझं नाव, नंबर टाकून बराच वेळ पडद्याकडे पाहिलं. "मॅडम, तुमच्या नावावर काहीच दिसत नाहीये," ती म्हणाली. मी म्हणाले, "अर्थात. आयुष्यात कुणाचा रुपया ठेवला नाही." ती म्हणाली, "हो, पण त्यामुळेच. तुम्ही कधी घेतलंच नाही, तर फेडता की नाही हे आम्हाला कसं कळणार?"

पंचवीस वर्षं मी घर चालवलं. वाण्याला, दूधवाल्याला, शाळेला कधी दुसऱ्यांदा मागायला लावलं नाही. आणि त्या पडद्यावर मी कुठेच नव्हते. तिथून घरापर्यंत मी चालत आले, आणि जिन्यात नेमकी तीच भेटली. चेहऱ्यावरून तिला कळलं असावं. तिनं बोलतं केलं आणि दुसऱ्या दिवशी मला घेऊन बँकेत गेली. माझीच थोडी ठेव ठेवून त्या ठेवीवर मला एक क्रेडिट कार्ड काढून दिलं. "ताई, कार्ड म्हणजे शेजारणीची साखर," ती म्हणाली. "वाटीभर आणली की वाटीभर परत, आणि तिनं मागायच्या आत. डबा दिसला म्हणून डबाच उचलून आणायचा नाही." विजेचं बिल तेवढं त्या कार्डावरून भरायचं आणि कार्डाचे पैसे तारखेच्या आधी भरून टाकायचे, एवढंच तिनं मला दिलेलं काम. दर महिन्याला दारातून विचारायची, "भरलं नं?" मी "भरलं" म्हणायचे, शाळेतल्या मुलीसारखी. उपकार माणसाला किती जड जातो ते त्या दीड वर्षात मला कळलं.

त्याच सुमारास माझ्या सख्ख्या बहिणीच्या मुलीला मुलगा झाला. बारशाला गेले, पाळण्याजवळ वाकले, आणि बाळाच्या डोक्यावर स्कोअरबाईची कुंची. गोंडे मी लांबूनही ओळखले असते. भाचीचा चेहरा पडला. "मावशी, तू माप जन्मानंतर घेतेस ना," ती म्हणाली, "आम्हाला आधीच हवी होती गं." मी आणलेलं झबलं पिशवीतच राहिलं.

घरी आले, बाहेरची साडीही न बदलता मोबाईल घेतला आणि खोट्या नावानं तिच्या पेजवर लिहिलं. "दिसायला कुंची छान, पण आतल्या कडा दुमडलेल्या नाहीत. मानेला शिवण टोचते. बाळाला लाल वळ उठला." पहिली दोन वाक्यं खरी होती. वळाचं मी बनवलं होतं. लिहून झाल्यावर मला बरं वाटलं. मग जेवताना वाटेनासं झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती दारात उभी. हातात मोबाईल, डोळे सुजलेले. मी मनाशी उत्तरं जुळवू लागले.

"ताई, हे वाचा," ती म्हणाली. "ही बाई खरं बोलून राहिली. मले आतली शिवण शिकवा."

मी शिकवली. काय करणार? महिनाभर रोज दुपारी ती माझ्या मशीनवर बसायची. कड दुमड, दाब, टीप मार. चुकली की मी उसवायला लावायचे, अगदी आईसारखी. हात भराभर बसला तिचा. त्या तक्रार लिहिणाऱ्या बाईला कुंचीचे पैसे तिनं न मागता परत केले असते, पण त्या नावाची ऑर्डर तिला सापडेना, असं ती एकदा म्हणाली. मी सुईत दोरा ओवत होते. महिन्याअखेरीस तिची कुंची मी उलटी करून बघितली आणि मला बोट ठेवायला जागा सापडली नाही. माझ्याकडे तिच्यापेक्षा जास्त असलेली ती एकच गोष्ट होती. ती मीच माझ्या हातानं देऊन बसले होते.

वर्षभरानं तिच्या नवऱ्याला बंगळुरूला नोकरी लागली. तोवर माझा स्कोअर जमला होता आणि मशीनसाठी मी पुन्हा अर्ज केला होता. त्यात ओळखीच्या दोन माणसांची नावं लिहायची होती. एक मी तिचं लिहिलं. त्यांच्या सामानाची बांधाबांध चालली होती तेव्हा मी मदतीला गेले, आणि मी तिथे असतानाच तिला बँकेचा फोन आला. मला ओळखते का, किती वर्षांपासून, एवढंच त्यांनी विचारलं असणार. पण थोडक्यात उत्तर देणं तिच्या स्वभावात नव्हतं.

"हो, ओळखते नं," ती म्हणत होती. "पैशाले एकदम चोख. मनात काय ठेवतील सांगता येत नाही, पण पैसा कोणाचा ठेवणार नाहीत."

तिनं फोन ठेवला आणि खोक्याला चिकटपट्टी लावू लागली.

"मनात काय ठेवते मी?" मी विचारलं.

"ते वळ उठल्याचं," ती म्हणाली. "तुम्हीच लिहिलं होतं नं."

हातातल्या दुपट्याची मी उगाच दोनदा घडी केली. "कधी कळलं?"

"वाचलं तेव्हाच. दुमड, कड, टोचणं. गिऱ्हाईक असं लिहीत नाही ताई. गिऱ्हाईक लिहिते, कपडा बरा नाही."

"मग बोलली का नाहीस?"

तिनं पट्टी दातांनी तोडली. "बोलली असती, तर तुम्ही मले शिकवलं असतं का?"

मी तिच्या फोटोंवर जळले होते, गिऱ्हाइकांवर, सातशे नव्वदवर, भाचीच्या पाळण्यातल्या त्या गोंड्यांवर. ते सगळं एका बाजूला. सुजलेल्या डोळ्यांनी माझ्या दारात उभं राहून, समोर कोण आहे हे माहीत असताना, या बाईनं भांडण न करता शिवण मागून घेतली होती. मला ते सात जन्मांत जमलं नसतं. त्या क्षणी मी तिच्यावर जितकी जळले तितकी आधी कधीच जळले नव्हते.

"नसतं शिकवलं," मी म्हणाले.

"म्हणून नं," ती म्हणाली, आणि दुसरं खोकं माझ्याकडे सरकवलं.