चार वाजताची विचारपूस

तुमच्या आईने परवा फोनवर सांगितलं की तुमच्या शाळेत आता मन बरं ठेवण्याचा वेगळा तास असतो. ऐकून बरं वाटलं. असा तास आम्हीही चालवला होता, बाहत्तरच्या दुष्काळात, नगर जिल्ह्यातल्या देवळालीकडच्या एका साखर कारखान्याच्या कॉलनीत. फरक इतकाच की तुमचा तास संपल्यावर घंटा होते.

तुमचे आजोबा तिथे केमिस्ट होते. मी इंग्रजी घेऊन बी. ए. झालेली, म्हणून मला आल्याआल्या महिला मंडळाची चिटणीस केलं. अध्यक्षीणबाई अर्थातच मॅनेजरसाहेबांच्या पत्नी. साहेब बदलले की अध्यक्ष आपोआप बदलत, त्यामुळे निवडणुकीची कटकट नव्हती.

आमच्या शेजारच्या क्वार्टरमध्ये कामगारांची हजेरी ठेवणाऱ्या टाइम ऑफिसातला कारकून राहायचा. त्याच्या बायकोचं बाळ त्या वर्षी बारशाच्या आधीच गेलं. थोरली मुलगी तीन वर्षांची. बाई स्वतःच जेमतेम बाविशीची, माहेर जामखेडकडचं. दिवाळी आली तरी ती दारात बसलेली असायची. स्वयंपाक करी, मुलीला भरवी आणि परत येऊन तिथेच बसे. वेणीफणी नाही, कुणाशी शब्द नाही.

दिवाळीला तिची सासू सोनईहून आली. तिने सुनेकडे एक नजर टाकली आणि आम्हा सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात मुलाला म्हणाली, "लई लाड केलेत तू हिचं. संक्रांतीपातुर बघते. न्हाई सुधरली तर हिला जामखेडला धाडून देते. नात माझ्याकडं ऱ्हाईल."

मुलगा म्हणाला, "बघू." तो प्रत्येक गोष्टीला 'बघू' म्हणायचा.

माहेरी धाडायचं म्हणजे काय, हे कॉलनीत सगळ्यांना ठाऊक होतं. एकदा तशी गेलेली सून परत येत नसे. वर्षभरात दुसरी येई.

नेमकं त्याच सुमाराला मंडळाने नगरहून एक वक्ते बोलावले होते. विषय, 'मनाचे आरोग्य'. माइक खरखरला म्हणून ते माइकवाल्यावर इतके ओरडले की पुढे बसलेली दोन पोरं रडायला लागली. मग त्यांनी मन शांत कसं ठेवावं ते सांगितलं. दुःखी माणसाला एकटं सोडू नका, त्याला माणसांत मिसळू द्या, असं म्हणून ते शाल-नारळ घेऊन गेले.

अध्यक्षीणबाईंना ते फार पटलं. शेजारची बाई माणसांत मिसळत नव्हती, तेव्हा तिच्यात माणसं मिसळायची असं ठरलं. मी पाळ्या लावून दिल्या. रोज दुपारी चार वाजता दोघींनी तिच्याकडे जायचं, तासभर बसायचं आणि तिला हसवायचं.

आता आपल्याकडे चार वाजता घरी आलेल्या बाईला चहाशिवाय पाठवता येत नाही, मग घरातलं कुणी आजारी असो की आणखी काही असो. चहाबरोबर पोहे किंवा चिवडा. दुधाची टंचाई इतकी, की लहान मुलांनाही मोजून मिळे. ती बिचारी उठायची, स्टोव्ह पेटवायची. आमच्या बायका म्हणायच्या, "अगं राहू दे गं, आम्ही काय पाहुण्या आहोत का?" आणि कप हातात आला की, "साखर जरा बेताची झाली हं." साखर कारखान्यातल्या बायकांना साखरेचं लगेच कळतं.

मग हसवणं सुरू व्हायचं.

"काय गं, आज तरी बरं वाटतंय ना?"

"हसायचं बघ बाई जरा. चेहरा कसा सुकलाय."

"माझ्या नणंदेची तर दोन गेली. पण बघ, कशी टुणटुणीत आहे."

"आणि आमच्या मोठ्या जावेला नंतर जुळी झाली!"

ती रिकामे कप उचलून आत जायची. बाहेर पडताना पाळीवाल्या एकमेकींना सांगायच्या, आज थोडा फरक वाटला. मीही तसंच मांडत होते मंडळाच्या सभेत. फरक होता तो एवढाच, की आधी ती नुसती दुःखी होती, आता दमलेलीही होती.

एका दुपारी पाळीवाल्या गेल्या तर दाराला कुलूप. अख्ख्या कॉलनीत धावाधाव झाली. विहिरीकडे गडी धाडला. आणि ती निघाली कुठे, तर अध्यक्षीणबाईंच्या दिवाणखान्यात! कडेवर मुलगी, अंगावर धुवट पातळ, खुर्चीच्या टोकाशी बसलेली. पुढे केव्हातरी मी तिला विचारलं, तुला ते सुचलं कसं? म्हणाली, "सुचायचं काय त्यात, वहिनी? घरात ऱ्हायलं की चारला चहा टाकावा लागायचा. म्हणून निघाले."

अध्यक्षीणबाईंनी चहा केला, सगळे प्रश्न विचारून संपवले. समोर कुणी तासभर गप्प बसलं की आपल्यालाच बोलावं लागतं. त्या बोलत सुटल्या. दुसऱ्या दिवशी माझ्याकडे येऊन दार लोटून म्हणाल्या, "अगं, मी तिला काय काय सांगून बसले! साहेब गेली चार वर्षं वेगळ्या खोलीत झोपतात, तेसुद्धा. तू कुणाला बोलू नकोस हं." मी तोवर काहीच ऐकलेलं नव्हतं. मग त्यांनी बाकीचंही सांगितलं.

त्यानंतर ती रोज चार वाजता कुणा ना कुणाकडे जाऊन बसू लागली. जिच्याकडे बसली ती बाई मोकळी झाली. स्टोअरकीपरची बायको नवऱ्याच्या बाटलीबद्दल बोलली. आमच्याकडे ती तीनदा आली. मी काय बोलले ते तुम्हाला सांगणार नाही. थोड्याच दिवसांत बायकांत कुरबुर सुरू झाली, तुझ्याकडे दोनदा आली, माझ्याकडे एकदाच.

दवाखान्यातल्या डॉक्टरांच्या पत्नी मात्र कधी फारसं बोलत नसत. एकदा मी त्यांच्याकडे गेले तर त्या आणि आमची शेजारीण गहू निवडत बसलेल्या. डॉक्टरीणबाई सुपावरून नजर न काढता म्हणाल्या, "माझा पहिला मुलगा सहा महिन्यांचा होऊन गेला. घरात डॉक्टर असून. त्याचं नावसुद्धा आम्ही कधी काढत नाही." शेजारीण ढसाढसा रडायला लागली, इतक्या दिवसांत पहिल्यांदा. मग त्याही रडल्या. मी हसायचं बघ म्हणणार होते, पण गव्हातले खडे वेचत बसले.

भोगीच्या दिवशी सासू सोनईहून आली ती नातीच्या कपड्यांसाठी पिशवी घेऊनच. घराला कुलूप. सून डॉक्टरीणबाईंकडून आली तोवर तिचा नवरा कामावरून परतला होता आणि अंगणात सगळं मंडळ जमलं होतं. सासूला अडवायचा धीर आम्हाला कुठून आला, हे खरं सांगते. तिच्या पोटात अख्ख्या कॉलनीची गुपितं होती, आणि ती तिच्याबरोबर जामखेडला जाऊ द्यायला कुणीही तयार नव्हतं.

"मावशी, हिला आम्ही पाठवणार नाही," अध्यक्षीणबाई म्हणाल्या. "मंडळाला हिची गरज आहे."

"गरज? येडीची?" सासूने मुलाकडे पाहिलं. "तू बोल की रं."

तो म्हणाला, "बघू."

"बघू न्हाई," सून म्हणाली. आवाज लहानच होता. "मी कुठं जात न्हाई, आत्याबाई. पोर माझ्यापाशीच ऱ्हाईल."

"अन् दारात बसून रडशील?"

"रडू आलं तर रडीन. माझं बाळ गेलंय."

"माझी दोन गेल्ती!" सासू कडाडली. "आमी न्हाई बसलो रडत! तिसऱ्या दिवशी खुरपायला गेल्ते मी."

"मग आता रडा की, आत्याबाई. मी हाय इथं."

सासूबाई काही रडल्या नाहीत. आम्हाला सगळ्यांना बिनकामाच्या बाया म्हणाल्या, पदर खोचला आणि सुनेने पुढे केलेली बाजरीची भाकरी उभ्याउभ्याच खाल्ली. नात त्यांचं लुगडं धरून फिरत होती. तिच्या डोक्यावरून हात फिरवला, जरा जास्तच वेळ. मग संध्याकाळच्या एसटीने रिकामी पिशवी घेऊन सोनईला परत गेल्या.