एकच खडा उरला होता

मला फोनवर बोलता येत नाही. समोरचा बोलत राहतो, मी "हाव" म्हणत राहते. जाऊ चिडवते, "भिंतीले दे व तो फोन, ते तरी बोलन!"

त्या दिवशी मात्र मुलीला माझं न बोलणंच हवं होतं. ती पुण्याला प्रयोगशाळेत काम करते. औषधाच्या कामी येणाऱ्या एका पदार्थाचे खडे वाढवते, साखरेच्या कणाहून बारीक. खडा गार करून यंत्रात किरणांपुढे धरला की पडद्यावर ठिपके उमटतात, आणि ठिपक्यांवरून त्याची आतली घडण कळते. पण गार करतानाच तिचे खडे तडकत होते. आता एकच उरला होता.

"हा बी फुटला तर सारं सोडून घरी येतो, माय," ती म्हणाली. "तू फक्त समोर राह्य. बोलू नको."

तिनं व्हिडिओ लावून फोन टेबलावर उभा केला. अतिशय गार द्रवाच्या भांड्यातून पांढरा धूर निघत होता. तो मी ओळखला. गाय भरवायला, म्हणजे सुईनं गाभण करायला येणाऱ्या डॉक्टरांच्या टाकीतूनही तसाच निघतो. हळूहळू गार केलं तर खड्यातल्या पाण्याचा बर्फ होतो आणि खडा तडकतो. एकदम बुडवला तर पाण्याला बर्फ व्हायला सवडच मिळत नाही, असं तिनं मागे सांगितलं होतं. हात मध्येच अडखळला की संपलं.

तिनं दोऱ्याच्या इवल्याशा फासात खडा उचलला. माझा पदर आपोआप तोंडावर गेला. आमच्याकडे लोणच्याची बरणी भरताना असंच तोंड झाकतात. श्वास लागला तर लोणचं बिघडतं म्हणतात.

तिनं वर पाहिलं. "काऊन व माय, तुहा श्वास पुण्यापर्यंत येऊन राह्यला का?"

ती हसली. झालं, आता हात हलणार, असं मला वाटलं. पण हसल्यावर तिचे ताठलेले खांदे सैल झाले, आणि फास धुरात बुडालासुद्धा.

संध्याकाळी फोटो आला. काळे ठिपके, आणि त्यांच्यामधून एक फिकट कडं.

"कडं बर्फाचं आहे, थोडा आलाच," ती म्हणाली. "पण ठिपके चांगले आहेत, माय. काम होते यावर."

"म्हणजे येत नाहीस?"

"दिवाळीले येतो ना."

ती घरी यावी असं मला रोज वाटतं. पण फास बुडत होता तेव्हा ते आठवलंच नाही. खडा टिकू दे, एवढंच मनात होतं.