गाडी कुठे थांबली असती

"बेटा, तुझा कॉम्प्युटर खोटं बोलतोय," भागवतकाका फोनवर म्हणाले.

मी कॉम्प्युटर असेंबल करून देते. म्हणजे सुटे भाग निवडून, जोडून, चालतं मशीन हातात ठेवते. मशीन तापतं, घरघरतं, मध्येच बंद पडतं, अशा तक्रारी रोजच्या. खोटं बोलतं, असं मात्र कोणी म्हटलं नव्हतं. दुपारीच झाशीतल्या दतिया गेटच्या दुकानाचं शटर ओढलं आणि प्रेम नगरला त्यांच्या घरी निघाले.

काका रेल्वेत लोको पायलट होते, इंजिन चालवणारे. सगळी नोकरी मालगाड्यांवर गेली. दोन वर्षांपूर्वी दतियाच्या अलीकडे त्यांच्या गाडीखाली एक बाई आली. त्यानंतर काकांचा उजवा हात थरथरायला लागला. मेडिकलमध्ये अनफिट ठरले, घरी बसले, आणि बोलणं जवळजवळ बंद झालं. त्यांचा मुलगा निखिल नोएडाला असतो. पापांना ट्रेन सिम्युलेटर आणून द्यायचं, ही कल्पना त्याची. सिम्युलेटर म्हणजे घरबसल्या इंजिन चालवायचा गेम. त्यासाठी नवीन गेमिंग मशीन हवं होतं.

निखिलला मराठी सगळं कळतं, पण बोलतो हिंदीच. दुकानात आला तो इंटरनेटवरून भाग ठरवूनच.

"दीदी, ग्राफिक्स कार्ड सबसे बड़ा वाला डालिए. पापा को एकदम असली लगना चाहिए."

मी त्याला समजावलं. ग्राफिक्स कार्ड चित्र काढतं, प्रोसेसर हिशोब करतो. मारामारीच्या गेममध्ये कार्ड जास्त राबतं. ट्रेनच्या गेमचं उलट आहे. वाघिणींचं, म्हणजे मालडब्यांचं वजन, उतार, ब्रेकच्या पाइपातली हवा, सिग्नल, हे सगळं प्रोसेसर मोजतो. शिवाय हे काम तो आपल्या सगळ्या कोअरमध्ये नीट वाटू शकत नाही. कोअर म्हणजे प्रोसेसरच्या आतला एकेक कामगार समजा. इथे खूप कामगार असून फायदा नाही, एक चपळ लागतो.

"कार्ड मधलं घे, प्रोसेसर वरचा घे," मी म्हणाले.

"पर दीदी, दिखेगा तो कार्ड से ही न?"

शेवटी मशीन गिऱ्हाइकाचं. मोठं कार्ड आणि हलका प्रोसेसर, असं जोडून दिलं.

तर त्या दुपारी काकूंनी दार उघडलं. हळूच म्हणाल्या, "खेळतात म्हणू नकोस हो. सकाळपासून लाइनीचा एकच तुकडा चालवताहेत."

माजघरात टेबलावर मशीन होतं. काका ताठ बसले होते, ड्युटीवर बसावं तसे.

"बघ. लोड तोच, स्पीड तोच. या खांबापाशी ब्रेक."

त्यांनी इमर्जन्सी ब्रेक लावला. चित्र क्षणभर गोठलं, मग झटक्यात पुढे सरकलं. गाडी एका झाडापाशी थांबली. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. तोच खांब, तोच ब्रेक. या वेळी गाडी झाडाच्या बरीच पुढे गेली.

"असं असतं का कधी? गाडी अशी मनाला येईल तिथे थांबते का?"

मी तपासलं. ग्राफिक्स कार्ड निवांत होतं. प्रोसेसरचा एक कोअर मात्र पार दमला होता. प्रोसेसर मागे पडला की चित्र अडकतं, आणि ब्रेक दाबल्याची नोंदही उशिरा होते. कधी थोडी उशिरा, कधी जास्त. म्हणून गाडी दर वेळी वेगळ्या जागी थांबत होती. निखिलला फोन केला. तो लगेच हो म्हणाला. त्याच मदरबोर्डवर चालणारा चपळ प्रोसेसर मी दुसऱ्या दिवशी बसवला.

काकांनी तीन वेळा गाडी चालवली. तिन्ही वेळा ती एकाच जागी थांबली.

"आता बरोबर मोजतोय," मी म्हणाले. मला बरं वाटलं होतं. "पण काका, हाच तुकडा का?"

"आपली लाइन नाही ही. पण उतार तसाच आहे, वळणही तसंच." त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं. "त्या दिवशी ब्रेक मारला तो साधारण इथे. आणि ती इथे होती."

गाडी त्या जागेच्या खूप पुढे जाऊन उभी होती.

"म्हणजे तुमच्या हातात काही नव्हतंच," मी म्हणाले. दारात काकू येऊन उभ्या राहिल्या होत्या.

काकांनी तुकडा पहिल्यापासून लावला. त्यांनी गाडी पुन्हा सोडली. या वेळी खांबाची वाट पाहिली नाही, वळण संपताच ब्रेक लावला. गाडी रेटत रेटत आली आणि त्या जागेच्या अलीकडे थांबली.

त्यांनी पुन्हा करून पाहिलं. पुन्हा अलीकडेच.

"वळणावरून ती दिसत नसेल," मी म्हणाले.

"दिसली होती." हात मांडीखाली दाबून ते म्हणाले, "हॉर्न दिला. वाटलं, हटेल. रोज लोक हटतात, बेटा. प्रत्येकासाठी ब्रेक मारला तर गाडी झाशीतून बाहेरच पडणार नाही. मग खांबापाशी कळलं, ही हटत नाही."

"चौकशीत तर तुम्ही सुटलात ना?"

"सुटलो. ब्रेक वेळेवर लावला, असंच लिहिलं त्यांनी. वळणाचं मला कोणी विचारलंच नाही."

"काका, हा गेम आहे. खऱ्या गाडीचं कसं सांगणार?"

"तूच आत्ता म्हणालीस, बरोबर मोजतोय."

काकू आत आल्या आणि त्यांनी भिंतीवरचा स्विचच बंद केला. असं चालू मशीन बंद करू नका, हे मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगते. त्यांना नाही सांगितलं.

काकांनी त्या मशीनला पुन्हा हात लावला नाही. दिवाळीला निखिल आला आणि ते मशीन नोएडाला घेऊन गेला. फार छान चालतं, असं त्याने फोनवर सांगितलं. काका कसे आहेत, विचारलं तर म्हणाला, "वैसे ही हैं, दीदी."

हल्ली ऑर्डर घेताना मी कोणता गेम, एवढंच विचारून थांबत नाही. मशीनवर जो बसणार आहे त्याला दुकानात बोलावते आणि काय करायचं आहे ते त्याच्याच तोंडून ऐकते. कार्ड आणि प्रोसेसरचं मग बघू.